पाटे, शॉक आणि माझी पाठ

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल पाठवून विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" अमेरिकेतल्या भाचीने तर थेट फोनच केला. तब्येतीचं कारण होतंच, पण ते निम्मंच. गेले चार-पाच महिने आमच्या घरात स्प्रिंगा, शॉक, शॅकल आणि बुश सोडून दुसरा विषयच नव्हता. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, चौतीस वर्षं मुलांना समास आणि विभक्ती शिकवलेली बाई. मला शॉक म्हणजे विजेचा, एवढंच माहीत. पण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी जे शिकले ते लिहून ठेवावंसं वाटलं. असो, नमनाला घडाभर तेल पुरे.

आमच्याकडे एक जिप्सी आहे. मारुतीची, १३०० सीसीची, पांढरी. ह्यांनी ती २००४ साली जुनी घेतली. हे पाटबंधारे खात्यात होते, सगळा जन्म सरकारी जीपमधून कालव्यांवर फिरण्यात गेला. निवृत्तीनंतर चारचाकी घ्यायची ठरली तेव्हा मी म्हटलं, जरा मऊ बसायची घ्या. हे म्हणाले, "वाडीला जाता येईल अशी हवी." विषय संपला. २०१६ मध्ये हे गेले. तेव्हापासून गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. मुलगा म्हणायचा विकून टाकू. मी नको म्हणायचे. का, ते विचारलं असतं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

आता वाडीबद्दल. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीकडे उतरताना डांबरी रस्ता सोडून आत सहा किलोमीटरवर आमची वाडी. मूळ गाव खाली होतं, ते कोयनेच्या पाण्यात गेलं आणि उरलेली घरं वर सरकली. तिथे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, राहतात. वय शहाऐंशी. पुतण्याचं कुटुंब सोबत आहे, पण वन्सं वाडी सोडून कुठे यायला तयार नाहीत. २०२१ च्या जुलैतल्या पावसाने आतला रस्ता वाहून नेला. पुढे दगडमाती टाकून चालता केला, पण साध्या गाडीचं पोट घासतं. माझा पाठीचा एक मणका २०१९ मध्ये दबलेला, हाडं ठिसूळ झालेली. त्यामुळे चार वर्षं आमची भेट नाही. रेंज मिळाली की फोन व्हायचा. गेल्या गणपतीत त्या म्हणाल्या, "आता भेट व्हायची ती वरतीच." हसून म्हणाल्या, पण मला रात्री झोप आली नाही.

हे मी नातवाला सांगितलं. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि शनिवार-रविवार डोंगरात गाड्या घालणाऱ्या मित्रांबरोबर हिंडतो. तो म्हणाला, "आजी, जिप्सी उचलू. मी नेतो तुला."

उचलायची म्हणजे लिफ्ट करायची. गाडीचा सांगाडा चाकांपासून आणखी उंच न्यायचा, म्हणजे खालून दगड लागत नाहीत. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, आणि तो पोलादी पाट्यांवर तोललेला आहे. बैलगाडीला नसतात तसले, ट्रकला असतात तसले, एकावर एक रचलेले कमानदार पाटे. (आमच्या पहिल्या शाळेत घंटा म्हणून असाच ट्रकच्या पाट्याचा तुकडा टांगलेला होता. त्याचा आवाज दोन वाड्यांपर्यंत जायचा.)

नातवाने नवे जाड पाटे मागवले, दोन इंच उंच करणारे, 'हेवी ड्यूटी'. त्यांना जुळणारे शॉक मागवले, त्यातले सगळ्यात कडक. वर आणखी उंची हवी म्हणून पाट्याच्या टोकाला जोडणारे शॅकलही दोन इंच लांबीचे लावले. नोव्हेंबरअखेर गाडी अंगणात येऊन उभी राहिली. दिसायला मोठी ऐटबाज! मला चढायला मात्र पाट ठेवावा लागला. पाट्यांसाठी पाट, असा विनोदही मी केला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निघालो. वन्संसाठी तिळाची चटणी, लोकरीची शाल, ह्यांचा एक फोटो, सगळं घेतलं. डांबरी रस्त्यावरच गाडी टणटण उडत होती. नातू म्हणाला, "नवीन आहे आजी, बसेल हळूहळू." आत वळलो. पहिला किलोमीटर दात आवळून काढला. दुसऱ्यात रस्त्यावरून पाणी वाहून पडलेली एक घळ होती. पुढचं चाक तिच्यात उतरलं आणि खालून कुणी घण मारावा तसा धक्का बसला. माझ्या पाठीतून कळ गेली, डोळ्यांपुढे काळोख. मी ओरडले असणार, कारण तो पांढराफटक पडला होता.

तिथूनच परत फिरलो. येताना मी त्याला एक वाक्य बोलले, जे बोलायला नको होतं. "ह्यांची गाडी होती ती. तू खेळणं केलंस तिचं." तो काही बोलला नाही. मला दवाखान्यात नेलं, फोटो काढला, नवीन मणका दबला नव्हता, स्नायू धरले होते. तीन आठवडे पडून राहायचं. तो पुण्याला गेला आणि दोन रविवार आला नाही. फोनवर फक्त "गोळ्या घेतल्यास का?"

तिसऱ्या रविवारी आला तो निर्णय घेऊनच. "आजी, गिऱ्हाईक बघतोय. गाडी विकून टाकू." मी पडल्या पडल्या म्हटलं, "विकायची तर विक. पण आधी चुकलं कुठे ते मला समजावून सांग." चौतीस वर्षांची सवय! मुलाचं उत्तर चुकलं की पाटी पुसू द्यायची नाही, चूक कोणत्या पायरीवर झाली ते आधी बघायचं.

तो सांगायला बसला आणि सांगता सांगता अडखळला. कारण ते त्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघं शिकायला बसलो. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, माझ्या मैत्रीण, त्यांनाही बोलावलं. त्यांनी वहीच्या कागदावर स्प्रिंग काढली आणि रॉबर्ट हुकपासून सुरुवात केली. या गृहस्थाने १६७६ मध्ये आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. नियम साधा आहे: जेवढा जोर, तेवढी स्प्रिंग ताणते किंवा दबते. दुप्पट वजन, दुप्पट दाब.

यातून पहिला धडा. वजन तोलायचं काम स्प्रिंगचं, म्हणजे आमच्या गाडीत पाट्यांचं. शॉकचं काम वजन तोलायचं नव्हेच! स्प्रिंग एकदा दबली की वर येते, पुन्हा दबते, पुन्हा वर येते. तो झोका थांबवायचं काम शॉकचं. त्याच्या नळीत तेल असतं, दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते जबरदस्तीने इकडून तिकडे जातं, आणि झोक्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. नातवाने कबूल केलं की कडक शॉक घेतला की गाडी 'मजबूत' होते, अशी त्याची समजूत होती.

दुसरा धडा पाट्यांचा. पाट्याची जाडी थोडी वाढली तरी त्याचा कडकपणा भलताच वाढतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात. सहा मिलिमीटरचा पाटा सात मिलिमीटरचा केला तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो. बाईंनी गुणाकार करून दाखवला: सातचा घन तीनशे त्रेचाळीस, सहाचा घन दोनशे सोळा. मी म्हटलं, एक मिलिमीटर म्हणजे नखाएवढं, आणि माझी पाठ गेली की त्यात!

मग प्रश्न आला, असे कडक पाटे विकतात तरी कशाला? विकणाऱ्याची काही चूक नव्हती. ते पाटे पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर कॅरिअर, मागे तंबू आणि पाण्याचे कॅन असं कायमचं ओझं वाहणाऱ्या गाड्यांसाठी असतात. तेवढं वजन असलं की ते नीट दबतात आणि नीट चालतात. आमच्या गाडीत होतं काय? एक नातू, एक आजी आणि तिळाच्या चटणीचा डबा.

मैत्रीण म्हणाली, "तुमच्या गाडीचं वजन किती?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

जानेवारीत मला बसायची परवानगी मिळाली, तोवर नातवाने एक काम केलं. ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर गाडी नेली. माझ्या जागी एकोणपन्नास किलोची तांदळाची पोती ठेवली, सामान ठेवलं, स्वतः बसला. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. एकूण ११५० किलो, त्यातले पुढे ५९०. म्हणजे मागे ५६०. काट्यावरचा माणूस म्हणाला म्हणे, "तांदूळ विकायचा का गाडी?"

हा आकडा घेऊन तो हायवेजवळच्या एका पाटेवाल्या मिस्त्रींकडे गेला. हे मिस्त्री जन्मभर ट्रकांचे पाटे ठोकत आलेले. पुढच्या खेपेला मीही गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि गाडीखाली सरपटत गेले. बाहेर येऊन त्यांनी नातवाला विचारलं, "टायर मोठे लावणार काय?" तो म्हणाला नाही. "मग तीन इंच उचलून मिळवलं काय? हा गोळा बघा." ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, जमिनीच्या सगळ्यात जवळ तोच. अखंड ॲक्सलच्या गाडीत पाटे कितीही उंच केले तरी तो गोळा जिथल्या तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरांनी वर जातो. पाट्यांनी वर जातं ते सांगाड्याचं पोट, पुढचं नाक आणि मागचं शेपूट. त्याचाही उपयोग आहेच, पण मधला दगड गोळ्याला लागायचा तो लागणारच. आणि जितकी गाडी उंच, तितकी ती वळणावर कलंडायला सोपी.

आणि तो घणाचा धक्का? तोही मिस्त्रींनीच उलगडला. शॉक दोन इंची पाट्यांच्या मापाचे होते. शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी साधारण एक इंच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं जागेवर असतं. म्हणजे गाडी उचलली गेली तीन इंच आणि शॉक होते दोन इंचांचे. गाडी नुसती उभी असतानाच शॉक बरेचसे उघडलेले. चाक घळीत उतरायला लागलं तेव्हा शॉकला आणखी लांब व्हायला जागाच उरली नाही, तो टोकाला जाऊन आपटला. मला वाटत होतं खड्ड्याने धक्का दिला. प्रत्यक्षात हाताला हिसका द्यावा तसा शॉकने दिला. त्यात तो परत उघडायला इतका कडक की ओळीने तीन दगड आले तर पहिल्यावर दबलेलं चाक तिसऱ्यापर्यंत पुरतं खाली येईना.

प्रत्येक वस्तू आपापल्या जागी चांगली होती. जोडी चुकली होती. (समास शिकवताना मी हेच सांगायचे, पण ते जाऊ दे.)

यात आणखी एक गोष्ट मी मध्ये घातली. कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. नातवाचे मित्र म्हणतात, सगळेच करतात. मी म्हटलं, ह्यांनी आयुष्यात एकदाही सरकारी जीप घरच्या कामाला वापरली नाही, त्यांच्या गाडीला आपण आडवाटेने नेणार नाही. नातवाने यावर वाद घातला नाही. तो मिस्त्रींना म्हणाला, "कंपनीची मूळ उंची परत मिळाली तर?"

मिस्त्रींनी विचारलं, "जुने पाटे आहेत का टाकले?" टाकले नव्हते. अंगणात पेरूच्या झाडाखाली गंजत पडले होते. मिस्त्रींनी ते जमिनीवर मांडून मापं घेतली. वर्षानुवर्षं बसून बसून ते दीड इंच खाली गेले होते! म्हणजे जिप्सीची नवी असतानाची उंची, जमिनीपासून साधारण २१० मिलिमीटर, आमच्याकडे कधीचीच नव्हती. काळाने जेवढं खाली नेलं तेवढं परत मिळालं तरी आमच्या रस्त्याला पुरत होतं.

मिस्त्रींनी सगळे पाटे सुटे केले, गंज काढला, मागचा एक तडकलेला निघाला तो त्याच जाडीचा नवा घातला. बाकीच्यांना थंडच ठोकून कमान दिली. तापवून वाकवणं सोपं असतं, पण मग पाटा पुन्हा नीट पाणी देऊन घडवावा लागतो, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा बसतो, असं ते म्हणाले. मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस, नवे बुश, मूळ मापाची शॅकल. मी खुर्चीवर बसून बघत होते. घणाचा आवाज येत होता, आणि मला शाळेची घंटा आठवत होती.

शॉक मात्र लगेच घेतले नाहीत. आधी जुन्याच शॉकवर दोनशे किलोमीटर चालवून पाटे बसू दिले. मग नातवाने गाडी जॅकवर घेऊन, चाक पूर्ण वर दाबल्यावर आणि पूर्ण लोंबल्यावर, शॉकच्या दोन टोकांमधलं अंतर मोजलं. दबल्यावर २९ सेंटीमीटर, लोंबल्यावर ४६, नुसती उभी असताना ३७. म्हणजे बंद असताना २९ पेक्षा थोडा आखूड आणि उघडल्यावर ४६ पेक्षा थोडा लांब असा शॉक हवा. उभ्या गाडीत तो मधोमध राहतो, खाली-वर दोन्हीकडे जागा. एवढं मोजायला अर्धा तास लागला. पहिल्या वेळी हा अर्धा तासच कुणी दिला नव्हता.

प्रकार निवडताना पुन्हा मोह झाला. वेगळी टाकी लावलेले, भारी किमतीचे शॉक असतात. ते तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यांसाठी, कारण तेल तापलं आणि फेसाळलं की शॉक ढिला पडतो. आम्ही जाणार सहा किलोमीटर, बैलगाडीच्या वेगाने. आमचं तेल कसलं तापतंय! साधे, कमी दाबाचा गॅस भरलेले, मऊ बाजूकडचे शॉक घेतले. निम्म्याहून कमी पैशात काम झालं. टायरही एक प्रकारची स्प्रिंगच, म्हणून दगडी रस्ता आला की हवा २६ वरून १८ करायची आणि डांबरावर आलं की पंपाने भरायची, हेही ठरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांना विचारून, पाठीला पट्टा बांधून, पुन्हा निघालो. मी पुढच्याच सीटवर, कारण मागचे बाक थेट ॲक्सलवर येतात. या वेळी पाट लागला नाही. आत वळलो तेव्हा नातवाने हवा काढली. त्या घळीपाशी त्याने गाडी थांबवली, उतरून चालत जाऊन दगड पाहिले, दोन बाजूला सारले. परत येऊन बसला, पण गाडी सुरू करेना. मी म्हटलं, "चल रे." चाक खाली गेलं, गाडी एकदा वाकली, एकदा वर आली आणि स्थिर झाली. बस, एवढंच. त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. आजोबांचेच पाटे आहेत हे." तो समोर बघत म्हणाला, "मीच आधी तुझं वजन विचारायला हवं होतं, आजी." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला वजन विचारणं शिष्टाचारात बसत नाही म्हणा, पण कधीकधी विचारावं.

वन्सं ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. आधी गाडी ओळखली, मग मला. "अगं, त्याचीच की ही गाडी," म्हणाल्या. गाडीपर्यंत आल्या आणि बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, भावाच्या पाठीवर ठेवावा तसा. आम्ही दोन रात्री राहिलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते आमचं. एवढं सांगते, की भेट वरती होण्याआधी खाली झाली.

पावसाआधी आणखी एकदा जायचं ठरलंय. तुमच्या घरी कुणी गाडी उचलायला निघालं असेल, तर त्याला एवढंच सांगा: आधी आत बसणाऱ्या माणसांसकट काट्यावर जाऊन ये, चाक दाबून आणि लोंबवून माप घे, आणि मग दुकानात जा.

तिळाच्या चटणीची कृती भाचीने मागितली आहे. ती पुढच्या वेळी.